वाळवंटात सापडलेले कऱ्हाड

यात्रा खरे म्हणजे आईची होती. आमच्या पेठेतल्या मारवाडी शेटजींच्या आईचा रामदेवबाबांना काही नवस होता. म्हातारीचे गुडघे साथ देईनात, तेव्हा तिने कापडाचा एक हातभर उंचीचा घोडा शिवून घेतला आणि तो आमच्या आईच्या स्वाधीन केला. “माझ्या वतीनं बाबांच्या पायाशी ठेवा, वैनी,” एवढेच ती म्हणाली. दोघींची चाळीस वर्षांची शेजारओळख. नाही म्हणण्याचा प्रश्नच नव्हता. नाताळच्या सुटीत मी, आमची मंडळी, आई आणि तो घोडा असे चौघे कऱ्हाडाहून निघालो.

जोधपूर सोडून गाडी पश्चिमेला लागली की खिडकीतली झाडे हळूहळू बुटकी होत जातात. खेजडी, बोर, मग नुसता फोग, आणि शेवटी वाळू. पोकरणच्या अलीकडे रामदेवरा लागते. येथे रामदेवबाबांची समाधी आहे. तोमर रजपुतांच्या घरचा हा पुरुष. पण त्याच्या समाधीपाशी मेघवाळ समाजातल्या डालीबाईचीही समाधी आहे. तिला त्याने बहीण मानले होते. मक्केहून पाच पीर त्याची परीक्षा पाहायला आले आणि त्यालाच पीर मानून राहिले अशी कथा आहे, म्हणून हिंदूंचे रामदेवबाबा ते मुसलमानांचे रामशापीर. आजचे मंदिर बिकानेरच्या महाराजा गंगासिंहांनी १९३१ साली बांधविले. यात्रा भाद्रपदात भरते. आम्ही गेलो तेव्हा गर्दी बेताची होती, तरी घोड्यांना तोटा नव्हता. शेकडो कापडी घोडे, पांढरे, निळे, गोटा लावलेले. आमचा कऱ्हाडचा घोडा त्यांत ठेवला तेव्हा आईला उगीच भरून आले. “हरवला ग बाई आता,” ती म्हणाली. आमची मंडळी हळूच म्हणाली, “बाबांना ठाऊक असेल कोणाचा कोणता ते.”

माझे मन मात्र पुढे, जैसलमेरला लागले होते, आणि त्याचे कारण नवसाचे नव्हते.

मी शाळेत इतिहास शिकवतो. काही वर्षांपूर्वी एका मुलाने विचारले, “सर, सगळ्या गावांचा इतिहास असतो, आपल्या कऱ्हाडला राजा-राणी काहीच नव्हतं काय?” मी आगाशिवची लेणी सांगितली, त्याचे समाधान झाले नाही. त्याला राणी हवी होती. मग शोधता शोधता मला ती सापडली. पण ती कृष्णा-कोयनेच्या संगमावर सापडली नाही, जैसलमेरच्या किल्ल्यातल्या एका तळघरात सापडली.

ती हकीकत अशी. अकराव्या शतकात बिल्हण नावाचा काश्मिरी पंडित घर सोडून निघाला. मथुरा, कनोज, काशी, गुजरात, सोमनाथ असा हिंडत तो दक्षिणेत उतरला आणि कल्याणीच्या चालुक्यांच्या दरबारी स्थिरावला. तेथे सहावा विक्रमादित्य राज्य करीत होता (१०७६ ते ११२६). त्याने बिल्हणाला विद्यापती ही पदवी दिली, आणि बिल्हणाने त्याच्यावर ‘विक्रमाङ्कदेवचरित’ हे अठरा सर्गांचे काव्य लिहिले. विक्रमादित्याने सख्ख्या थोरल्या भावाला पदच्युत करून गादी घेतली होती. दरबारी कवीने यावर शोधलेला उपाय पाहण्यासारखा आहे: प्रत्यक्ष शंकरानेच तशी आज्ञा केली, असे तो सांगतो. खाल्ल्या मिठाला जागणे म्हणतात ते हे. अशा ग्रंथातला इतिहास चाळणीतून गाळूनच घ्यावा लागतो.

याच काव्यात करहाटाच्या शिलाहार राजाची कन्या चंद्रलेखा येते. करहाट म्हणजे आमचे कऱ्हाड. तिच्या स्वयंवराला अयोध्येचा, चेदीचा, माळव्याचा, गुर्जरांचा, चोळांचा असे राजे जमले. दासी एकेकाचे वर्णन करी आणि चंद्रलेखा पुढे सरके; शेवटी तिने माळ विक्रमादित्याच्या गळ्यात घातली. एवढे राजे खरोखर कऱ्हाडला आले असतील असे मला वाटत नाही. कालिदासाच्या इंदुमतीने पुढच्या कवींना ही खोड लावून ठेवली आहे. पण राणी खरी आहे. शिलालेखांत ती चंदलदेवी म्हणून येते. शिवाय तिच्या रूपाची ख्याती थेट काश्मीरला पोचली होती. तिकडचा राजा हर्ष तिचे चित्र पाहून वेडावला, खुशामत्यांनी त्याला चढवले आणि कर्णाटच्या राजाला जिंकून तिला आणण्याची प्रतिज्ञा त्याने भर दरबारात केली, असे कल्हण ‘राजतरंगिणी’त चेष्टेच्या सुरात सांगतो. प्रतिज्ञा अर्थातच तिथेच राहिली.

आता हा ग्रंथ वाळवंटात कसा? जैसलमेर हे रावळ जैसलने ११५६ साली वसविले. आधीची राजधानी लोद्रवा येथून पाचसहा कोसांवर. तेथे आता पार्श्वनाथाचे देखणे मंदिर आणि त्याचे नक्षीचे तोरण एवढेच पाहण्याजोगे उरले आहे. जैसलमेर उंटांच्या तांड्यांच्या वाटेवर होते, व्यापारी जैन होते, आणि त्यांच्या पैशाने किल्ल्यात एकाला एक लागून पिवळ्या दगडाची मंदिरे उभी राहिली. पंधराव्या शतकात जिनभद्रसूरी या आचार्यांनी तेथे ग्रंथभांडार भरविले. गुजरातेतून पोथ्या आणल्या, नव्या लिहविल्या. जागा अशी, की शत्रूला येणे अवघड आणि पावसाला त्याहून अवघड. ताडपत्राला आणखी काय हवे? आणि गंमत ही, की त्यांनी केवळ आपल्या धर्माचे ग्रंथ जपले नाहीत. शैव कवीने शैव राजावर लिहिलेले हे काव्यही त्यांनी त्याच मायेने बांधून ठेवले.

लोक या भांडाराला भीत असत. एक पोथी साखळीने टांगलेली आहे, ती जो वाचील तो आंधळा होईल, अशी वदंता कर्नल टॉडने नोंदविली आहे. १८७४ साली जॉर्ज ब्यूलर तेथे पोचला. हा गृहस्थ आधी मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजात प्राध्यापक, नंतर गुजरातेत शाळातपासनीस. (आमच्या शाळेला आजवर लाभलेले तपासनीस आठवून मी येथे एक उसासा सोडतो.) बरोबर हेर्मान याकोबी, वय अवघे चोवीस. त्यांना तेथे बिल्हणाची पोथी दिसली. पोथी नेता येणार नव्हती आणि मुक्काम थोडा. तेव्हा दोघे जर्मन पंडित मांडी ठोकून बसले आणि अख्खे काव्य त्यांनी स्वहस्ते उतरवून घेतले. पुढच्याच वर्षी, १८७५ साली, ते मुंबई संस्कृत ग्रंथमालेत छापून निघाले. कल्हणामुळे बिल्हणाचे नाव विद्वानांना ठाऊक होते. पण आमच्या चंद्रलेखेचे स्वयंवर त्या एका ताडपत्राच्या आधाराने परत आले.

किल्ल्यात शिरताना हे सगळे माझ्या डोक्यात घोळत होते. चार दरवाजे चढून वर गेले की गाव लागते. हा किल्ला ओसाड नाही, माणसे आत राहतात. संभवनाथाच्या मंदिराखाली भांडार आहे. दार इतके बुटके, की राजालाही मान लवविल्याशिवाय आत जाता येऊ नये. काचेमागे काही ताडपत्रे मांडलेली होती. हातभर लांब, चार बोटे रुंद, मधोमध दोऱ्यासाठी भोक, आणि शाईची अक्षरे अशी, जणू काल लिहिली. १९५०च्या सुमारास मुनी पुण्यविजयजींनी येथे दीर्घकाळ राहून हे सारे लावले, याद्या केल्या. बिल्हणाची पोथी मला दिसली नाही. तेथल्या वृद्ध सेवकाला विचारले, तर तो म्हणाला, “हुकम, सब अंदर है.” तेवढ्यावर मी समाधान मानले.

आईने काचेला नाक लावून पाहिले आणि विचारले, “यात आपलं कऱ्हाड आहे?”

“आतल्या एका पोथीत आहे.”

“आणि इतकी वर्षं कोणी सांभाळलं ते?”

“इथल्याच लोकांनी. त्यांना कऱ्हाड कुठे आहे हेही ठाऊक नसेल.”

आई काही बोलली नाही. तिने बाहेर येऊन देवाला केला तसाच त्या बुटक्या दाराला नमस्कार केला.

उतरताना गल्लीच्या कडेने गटार वाहत होते. मंडळींना लुगड्यांचे काठ उचलून धरावे लागले. पूर्वी येथले लोक खालच्या गडीसर तलावातून घागरींनी पाणी आणीत, आणि भांड्यात उरलेला घोटही सांडून टाकीत नसत. आता नळ आले, खानावळी आणि पाहुण्यांसाठी न्हाणीघरे आली. कोणाला दोष द्यावा? बायकांच्या डोक्यावरची घागर उतरली हे वाईट झाले असे मी तरी म्हणणार नाही. पण ते पाणी किल्ल्याखालच्या ठिसूळ थरांत मुरते. नव्याण्णव बुरुजांपैकी काही ढासळले. १९९६ साली धोक्यातल्या वास्तूंच्या जागतिक यादीत या किल्ल्याचे नाव गेले. २०१३ साली तो जागतिक वारसा ठरला. कोरडेपणावर विसंबून ज्यांनी पोथ्या येथे आणल्या, त्यांनी पाण्याचा हिशेब धरला नव्हता.

खाली आल्यावर आईला एकाएकी घोड्याची आठवण झाली. परतीच्या गाडीत, रामदेवरा आले तेव्हा पहाटेचा अंधार होता. ती खिडकीची काच वर करून बसली होती.

सुटीनंतर वर्गात मी चंद्रलेखेची गोष्ट सांगितली. तो जुना विद्यार्थी आता कराड-पुणे गाडीवर आहे. पण बाकावर त्याच्यासारखी इतर होतीच. एका मुलीने विचारले, “सर, स्वयंवर नेमकं कुठं झालं? संगमावर?” बिल्हणाने ती जागा सांगितलेली नाही, असे मी म्हणालो. शाळा सुटल्यावर पाहतो तो पाचसहा जणी दप्तरे घेऊन संगमाच्या वाटेला लागल्या होत्या.