केबल तुटली तरी नेट चालू, पण 'रिंग'ला तुटल्याचं कळतं कधी?

रस्त्याच्या कामात जेसीबीचा दात फायबरला लागला की पुढच्या गावांचं नेट गेलंच म्हणून समजा. ग्रामपंचायतीचे दाखले, रेशनचं पॉस मशीन, सगळं ठप्प. कारण बऱ्याच ठिकाणी तालुक्यापासून गावांपर्यंत केबल एकाच रांगेत गेलेली आहे. ऑगस्ट २०२३ मध्ये मंजूर झालेल्या भारतनेटच्या सुधारित कार्यक्रमात ही रांग बदलून रिंग करायचं ठरलं. म्हणजे गोलाकार जोडणी. एकीकडून तुटली तर दुसरीकडून डेटा येतो.

इथरनेटच्या रिंगमध्ये मात्र गोल पूर्ण चालू ठेवता येत नाही. ठेवला तर तेच ते संदेश गरगर फिरत राहतात आणि नेटवर्क गुदमरतं. म्हणून एक दुवा मुद्दाम अडवून ठेवतात आणि कुठे तुटल्याची खबर आली की तो उघडतात. जुन्या स्पॅनिंग ट्री पद्धतीत याला ३० ते ५० सेकंद लागायचे. जी.८०३२ या आंतरराष्ट्रीय मानकाचं लक्ष्य ५० मिलिसेकंद, म्हणजे सेकंदाचा विसावा भाग आहे. तेवढ्यात फोनवरचं बोलणंही तुटत नाही.

खरी गोम आहे ती खबर लागण्यात. फायबर थेट स्विचमध्ये असेल तर उजेड गेल्याचं पोर्टला लगेच कळतं. तांब्याच्या गिगाबिट वायरवर मात्र दुवा गेला असं जाहीर करण्याआधी पोर्ट ७५० मिलिसेकंदांपर्यंत थांबू शकतं. ५० चं गणित तिथंच कोलमडलं! त्याहून वाईट म्हणजे मध्ये मीडिया कन्व्हर्टर असला तर. शेतात फायबर तुटलेलं, पण कन्व्हर्टर ते स्विच ही हातभर वायर ठणठणीत. स्विचला वाटतं सगळं आलबेल, आणि डेटा जातो विहिरीत.

यावर उपाय म्हणजे स्विचांनी एकमेकांना सतत 'आहे, आहे' असा छोटा संदेश पाठवणं. दर ३.३३ मिलिसेकंदाला संदेश ठेवला तर साडेतीन पाळ्या चुकल्या की, म्हणजे साधारण १२ मिलिसेकंदांत बिघाड पकडला जातो. तोच संदेश सेकंदाला एक ठेवला तर साडेतीन सेकंद जातात. वेग वाढवायला स्विचही तसा हवा, नाहीतर स्वस्तातला स्विच कामाच्या भारात संदेश चुकवतो आणि केबल धड असताना तुटल्याची बोंब ठोकतो. कन्व्हर्टर ठेवायचाच असेल तर एका बाजूचा दुवा गेला की दुसरीही बाजू पाडणारी सोय असलेला घ्यावा.

केबल जोडल्यावर रिंग लगेच जुन्या वाटेवर येत नाही, सहसा ५ मिनिटं थांबते. हा बिघाड नव्हे. जोड कच्चा असेल तर सारखी उलटापालट होऊ नये म्हणून ती सोय आहे.

गावात रिंगचं काम सुरू झालं तर दोन्ही बाजूंच्या केबल वेगवेगळ्या रस्त्याने येतात का, हे आधी विचारा. दोन्ही एकाच चरातून टाकल्या असतील तर जेसीबी एकाच दणक्यात दोन्ही तोडतो, मग स्विच कितीही चपळ असो.