पुस्तकांसाठी एक द्रम्म

बोरिवलीजवळच्या कान्हेरी लेण्यांत शिलाहार पुल्लशक्तीच्या काळातील, इ.स.च्या नवव्या शतकातील एक दानलेख आहे. भिक्षुसंघाला दिलेल्या द्रम्मांपैकी काही दुरुस्तीसाठी, काही चीवरांसाठी आणि पुस्तकांसाठी एक द्रम्म, अशी वाटणी त्यात कोरलेली आहे. ज्ञानसंग्रह राखावयाचा तर खर्च आलाच, आणि खर्च करणारा ठरवील तेच राखले जाणार.

मराठी कोशांचा इतिहासही याहून वेगळा नाही. डॉ. श्रीधर व्यंकटेश केतकर यांनी महाराष्ट्रीय ज्ञानकोशाच्या प्रस्तावनाखंडांपैकी दोहोंना ‘बुद्धपूर्व जग’ आणि ‘बुद्धोत्तर जग’ अशी नावे दिली. तथागतांना जगाच्या इतिहासाची सीमारेषा मानणारे हे खंड आमच्या वस्त्यांतील किती जणांच्या हाती पडले असतील? पुढे तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या संपादकत्वाखाली वाईहून मराठी विश्वकोश निघू लागला. त्याचा पहिला खंड १९७६ चा, विसावा २०१५ चा. ‘अ’ वाचणारा विद्यार्थी अखेरच्या अक्षरापर्यंत निवृत्तीला टेकला! आज हे दोन्ही कोश आंतरजालावर विनामूल्य आहेत. मुलुंडची एखादी शाळकरी मुलगी ते मोबाइलवर उघडते, कोणाची परवानगी न घेता. ज्यांच्या पूर्वजांना पोथीचा स्पर्शही वर्ज्य होता, त्यांना या घटनेचे मोल सांगावे लागू नये.

२००३ मध्ये सुरू झालेल्या मराठी विकिपीडियाने आणखी एक पाऊल टाकले. तेथे वाचकच लेखक होतो. मात्र विधानाला प्रकाशित आधार द्यावा लागतो. महापरिनिब्बानसुत्तातील चार महापदेसांची येथे आठवण होते. वचन प्रत्यक्ष भगवंतांच्या मुखातून ऐकले असे कोणी म्हटले, तरी ते लगेच स्वीकारू नये वा धिक्कारू नये. सुत्त आणि विनय यांच्याशी ताडून पाहावे. बोलणाऱ्याच्या अधिकारावर न विसंबणे हे दोहोंत समान आहे. परंतु आधार म्हणजे प्रकाशित आधारच, हा नियम आम्हांस अपुरा वाटतो. त्रिपिटक स्वतः कित्येक पिढ्या भाणकांच्या मुखीच होते. तो नियम तेव्हा असता, तर बुद्धवचनाचीही नोंद झाली नसती.

घाटकोपरच्या वस्त्यांतील विहार कोणाच्या वर्गणीतून उभे राहिले, १९५६ च्या धर्मांतरानंतर तेथे पहिली वंदना कोणी शिकविली, हे कोणत्याही कोशात नाही. कारण ते कोठे छापलेलेच नाही. कान्हेरीचा एक द्रम्म दगडावर आहे. आमच्या विहारांच्या पावत्या पत्र्याच्या पेट्यांत आहेत, आणि त्या पेट्यांवर दरवर्षी पावसाळा येतो.