हिमाची परीक्षा

सह्याद्रीच्या घाटांतून जाणाऱ्यास पावसाळ्यांत जें दरडीचें भय, तेंच आल्प्स पर्वतांतील गांवकऱ्यांस हिवाळ्यांत हिमप्रपाताचें. मात्र दरडीची माती वर्षानुवर्षें जागच्या जागीं असते; हिम दरसाल आभाळांतून नवें येतें, आणि पडल्यावरहि त्याची प्रकृति दिवसादिवसास पालटत राहते. अशा चंचल पदार्थाची परीक्षा माणूस कसकशी करीत गेला, हें पाहणें मनोरंजक तसेंच बोधप्रदहि आहे.

पहिलें ज्ञान स्थळाचें. स्वित्झर्लंडमधील आंडरमाट या गांवानें १३९७ सालीं आपल्या माथ्यावरील जंगल तोडण्यास लेखी मनाई केली. झाडें उभीं आहेत तोंवर उतारावरील हिम धरून ठेवलें जातें, हें पिढ्यान्‌पिढ्यांच्या अनुभवानें त्यांस ठाऊक झालें होतें. पुढें त्या देशाच्या जंगलखात्याचा प्रमुख योहान कोआझ यानें १८८१ सालीं आल्प्समधील हिमप्रपातांवर ग्रंथ लिहिला व या विखुरलेल्या अनुभवास शास्त्राची बैठक दिली. प्रपात कोठें येतो, हें अशा रीतीनें कळूं लागलें; तो केव्हां येईल, हा प्रश्न राहिलाच.

त्याचें उत्तर हिमाच्या पोटांत होतें. १९३६ सालीं दावोस गावाच्या वर, अडीच हजार मीटरहून अधिक उंचीवर, एका साध्या खोपटांत कांहीं संशोधकांनीं हिम खणून पाहण्यास आरंभ केला. त्यांत हेन्री बाडर हा स्फटिकांचा अभ्यासक होता, तर रॉबर्ट हेफेली हा मातीच्या बळाचा हिशेब जाणणारा अभियंता होता. हेफेलीनें शंकूच्या टोकाची नळी ठराविक वजनाच्या आघातांनीं हिमांत ठोकली व प्रत्येक थराचा कणखरपणा मोजला. तेव्हां दिसून आलें कीं, हिम हा एकजिनसी ढीग नसून प्रत्येक वादळानें रचलेल्या थरांची ती उतरंड आहे. जमिनीलगतचें हिम तुलनेनें उबदार असतें, वरची हवा कडक थंड असते. या अंतरामुळें आंतील बाष्प वर चढतें आणि हिमकणांचें रूप पालटून ते जाड साखरेसारखे सुटे, परस्परांस न धरणारे होतात. अशा थरावर नव्या हिमाचा जड पापुद्रा बसला आणि उतार तीस अंशांहून अधिक असला, कीं एका माणसाचें वजनहि तो निखळण्यास पुरतें. वरून पाहणाऱ्यास मात्र सारें शुभ्र, शांत व अभंग भासतें.

हें ज्ञान लोकांपर्यंत पोंचावें म्हणून १९४५ पासून दावोसची संस्था इशारे प्रसिद्ध करूं लागली. तरीहि १९५१ च्या जानेवारींत त्याच आंडरमाट गांवावर हिमप्रपात कोसळून १३ माणसें दगावलीं. त्या हिवाळ्यांत एकट्या स्वित्झर्लंडांत ९८ बळी गेले. कारण प्रपात पुष्कळदां वृक्षांच्या सीमेच्याहि वर सुटतो, आणि तेथून आलेला लोट जंगलासहि आडवें करतो. यानंतर उघड्या उतारांवर पोलादी अडसर उभे राहिले व गांवांचे धोक्याचे नकाशे आंखले गेले. परंतु १९९९ च्या फेब्रुवारींत ऑस्ट्रियांतील गाल्ट्युर येथें सुरक्षित मानलेल्या भागांत लोट शिरला व ३१ जण मृत्युमुखीं पडले.

गांवें आज पूर्वीपेक्षां पुष्कळ सुरक्षित आहेत. आतां बळी जातात ते मुख्यतः मोकळ्या डोंगरांत हौसेनें जाणाऱ्यांचे. युरोपांत १९९३ पासून धोका पांच पायऱ्यांनीं सांगितला जातो. तथापि स्वित्झर्लंडांत अशा मृत्यूंपैकीं जवळजवळ निम्मे तिसऱ्या पायरीच्या दिवशीं घडतात. पांचव्या पायरीस कोणी घराबाहेर पडत नाहीं. तिसरीस प्रत्येकास वाटतें कीं, आपल्यापुरता उतार टिकेल. त्याहून विचार करावयास लावणारी गोष्ट अशी कीं, दहांपैकीं सुमारें नऊ वेळां तो थर बळी पडलेल्यानें अथवा त्याच्या सोबत्यानेंच निखळविलेला असतो.

आंडरमाटच्या जुन्या गांवकऱ्यांस थरांचें शास्त्र ठाऊक नव्हतें. पण आपल्यास काय कळत नाहीं याची जाणीव त्यांस होती, म्हणून त्यांनीं कुऱ्हाड आवरली. आजच्या प्रवाशाजवळ इशारा आहे, नकाशा आहे, यंत्र आहे. उताराच्या पायथ्याशीं उभें राहून परत फिरावें कीं नाहीं, हा निर्णय मात्र त्याचा त्यालाच करावा लागतो.