चवदार तळे : ठराव, वहिवाट आणि निकाल

महाडच्या चवदार तळ्याचा लढा पाण्याचा होता, तसाच तो गावकारभाराचाही होता. सार्वजनिक मालमत्तेवर हक्क कोणाचा, तो ठरवायचा कोणी आणि जातीची वहिवाट कायद्यापुढे टिकते का, हे प्रश्न त्यात एकमेकांत गुंतले होते.

सावित्री खोऱ्यातला महाड-पोलादपूर परिसर तेव्हा कुलाबा जिल्ह्यात, म्हणजे आजच्या रायगडात मोडत असे. इथल्या अनेक महार कुटुंबांत पलटणीतली नोकरी परंपरेने चालत आलेली होती. महाडजवळच्या रावढूळचे गोपाळबाबा वलंगकर हे असेच निवृत्त सैनिक. 1888 मध्ये त्यांनी ‘विटाळ विध्वंसन’ लिहून अस्पृश्यतेला आव्हान दिले. 1895 मध्ये महाडच्या तालुका लोकल बोर्डावर त्यांची नेमणूक झाली, तेव्हा सवर्ण सभासदांनी विरोध केला. स्थानिक स्वराज्य आले, पण त्यात बहिष्कृतांना वाटा द्यायची तयारी नव्हती.

4 ऑगस्ट 1923 रोजी सीताराम केशव बोले यांचा ठराव मुंबई कायदेमंडळाने संमत केला. सरकारी खर्चाच्या किंवा सार्वजनिक संस्थांच्या ताब्यातील पाणवठे, धर्मशाळा, शाळा आणि दवाखाने अस्पृश्यांना खुले करावेत, असा त्याचा आशय होता. त्याला अनुसरून महाड नगरपालिकेने 5 जानेवारी 1924 रोजी तळे खुले केले. प्रत्यक्षात दहशतीमुळे कोणी पाण्याला गेले नाही. मुसलमानांना तिथे पाणी भरण्यास आडकाठी नव्हती. अस्पृश्यांना मात्र होती.

रामचंद्र बाबाजी मोरे, अनंतराव चित्रे, सुरेंद्रनाथ टिपणीस आदींच्या पुढाकाराने 19 आणि 20 मार्च 1927 रोजी महाडला कुलाबा जिल्हा बहिष्कृत परिषद भरली. 20 तारखेला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली हजारो लोक तळ्यावर गेले आणि पाणी प्यायले. पुढचा मोर्चा वीरेश्वराच्या देवळात शिरणार, अशी आवई उठली आणि परतणाऱ्या माणसांवर हल्ले झाले. मग तळ्याचे ‘शुद्धीकरण’ झाले : शेण, गोमूत्र, दूध आणि दही यांच्या 108 घागरी मंत्रोच्चारात पाण्यात ओतण्यात आल्या. 4 ऑगस्ट 1927 रोजी नगरपालिकेने आपला 1924 चा ठरावच रद्द केला.

लोकनियुक्त संस्था आणि वरची सत्ता यांच्यात रूढीवरून असा पेच इतरत्रही पडला होता. अमेरिकेतील युटा प्रदेशात मॉर्मन समाज बहुपत्नीत्वाला धर्माचा भाग मानत होता. 1882 च्या कायद्याने अमेरिकी काँग्रेसने अशा विवाहितांचा मतदानाचा आणि पदाचा हक्क काढून घेतला. 1890 मध्ये मॉर्मन चर्चने ही प्रथा सोडल्याचे जाहीर केल्यावरच, 1896 मध्ये युटाला राज्याचा दर्जा मिळाला. तिथे सरकारने कठोर कायदा वापरला. महाडमध्ये सरकारने ठरावापलीकडे फारसे पाऊल टाकले नाही आणि हक्क बजावण्याचा भार पीडितांवरच पडला.

12 डिसेंबर 1927 रोजी महाडच्या काही सवर्णांनी तळ्यावरून आंबेडकर आदींविरुद्ध दिवाणी दावा लावला आणि दोन दिवसांत तात्पुरता मनाईहुकूम मिळवला. फत्तेखान यांनी दिलेल्या जागेवर 25 डिसेंबरला दुसरी परिषद भरली आणि त्याच दिवशी मनुस्मृतीचे दहन झाले. मनाईहुकमामुळे पाणी घेण्याचा सत्याग्रह मात्र तहकूब करण्यात आला.

दावा महाड, ठाणे असे टप्पे ओलांडत मुंबई उच्च न्यायालयात पोचला. 17 मार्च 1937 रोजी न्या. ब्रूमफील्ड आणि न्या. वाडिया यांच्या पीठाने आंबेडकरांच्या बाजूने निकाल दिला. अस्पृश्यांना वगळण्याची वहिवाट अनादी काळापासून चालत आल्याचे वाद्यांना सिद्ध करता आले नव्हते. वहिवाट मुळात अन्याय्य आहे का, या प्रश्नात मात्र न्यायालय शिरले नाही.

ती उणीव संविधानाने भरून काढली. 17 व्या अनुच्छेदाने अस्पृश्यता नष्ट केली. 15 व्या अनुच्छेदाने विहिरी, तळी आणि स्नानघाट यांच्या वापरात जातीवरून मज्जाव करण्याला बंदी घातली. सार्वजनिक पाण्यावरचा हक्क नगरपालिकेच्या मर्जीवर किंवा वहिवाटीच्या पुराव्यावर अवलंबून राहिला नाही. तो प्रत्येक नागरिकाचा मूलभूत हक्क झाला.