ऋतुकालाचा हिशेब

सुश्रुतसंहितेने ऋतुकाल बारा रात्रींचा मानला आणि मनुस्मृतीने सोळा रात्रींचा. त्यांतल्या पहिल्या चार, शिवाय अकरावी आणि तेरावी वर्ज्य, सम रात्री पुत्रार्थ व विषम कन्यार्थ, असा तपशील मनूने घालून दिला. गर्भाधानाचा मुहूर्त काढणारे भटजी असोत की चौथ्या दिवसाचे न्हाणे मोजणारी सासू असो, सर्वांची मोजणी रजोदर्शनापासून पुढे जाई. जिची पाळी अठ्ठावीस दिवसांनी बिनचूक येते तिच्या बाबतीत ती बहुधा निभावूनही जाई. परंतु जिला कधी पस्तीस तर कधी पन्नास दिवसांनी पाळी येई, तिच्यापुरती ही गणना सर्वस्वी व्यर्थ होती, आणि तिच्या अपयशाचे खापर मात्र त्या बाईच्याच माथी फुटे.

चार दिवस बाजूला बसण्याच्या रूढीमुळे तिची तारीख घरात कोणापासून लपत नसे. पाळी लांबली की माजघरात कुजबुज होई, दिवस गेले म्हणून आशा धरली जाई, आणि दीड महिन्याने ती पुन्हा कोपऱ्यात घोंगडीवर बसलेली दिसली की त्या आशेचा भंग सर्वांदेखत होई. मग पिंपळाला प्रदक्षिणा, नवस, शतावरी, वैद्याचे काढे. आणि एवढे करूनही कूस उजवली नाही तर नवऱ्याचे दुसरे लग्न. मुंबई प्रांतात १९४६ च्या कायद्याने हिंदूंच्या द्विभार्या विवाहास बंदी घातली, तोवर त्यास अटकाव नव्हता. इतक्या क्रूर शिक्षेला इतका तकलादू हिशेब आधार होता, हे मला अत्यंत शोचनीय वाटते.

त्या हिशेबातील मूळ दोष उघड केला तो जपानमधील निइगाता शहरी ताकेयामा रुग्णालयात काम करणाऱ्या डॉ. क्यूसाकू ओगिनो यांनी. पोटाच्या शस्त्रक्रियेसाठी आलेल्या स्त्रियांच्या पाळीच्या तारखा ते नोंदवून घेत आणि पोट उघडल्यावर बीजकोशाची अवस्था न्याहाळून ती त्या तारखांशी ताडून पाहत. स्त्रीबीज पुढच्या पाळीआधी बारा ते सोळा दिवसांच्या दरम्यान सुटते, हा निष्कर्ष त्यांनी १९२४ साली मांडला. त्यानुसार पन्नास दिवसांच्या चक्रात बीज सुटावयाचे ते पस्तिसाव्या दिवसाच्या सुमारास. मनूच्या सोळा रात्री तोवर केव्हाच सरलेल्या! जगाने हा शोध गर्भ टाळण्यासाठी वापरला. त्यावर तशी भिस्त ठेवणे खुद्द ओगिनोंना मान्य नव्हते.

अनियमित पाळीच्या स्त्रीला तरीही यातून अर्धेच उत्तर मिळाले, कारण पुढची पाळी कधी येणार हेच ठाऊक नसता मागे मोजावयाचे कोठून? १९३५ साली शिकागोच्या स्टाइन व लेव्हेन्थल यांनी पाळी थांबलेल्या वा फार लांबलेल्या सात स्त्रियांचे वर्णन प्रसिद्ध केले. त्यांच्या वाढलेल्या बीजकोशांचा काही भाग कापून काढल्यावर पाळी सुरू झाली आणि दोघींना दिवस राहिले. बीज सुटतच नसेल तर ते सुटावयास लावता येते, हे त्यातून दिसले. १९६० च्या दशकात क्लोमिफीनच्या गोळीने ते काम शस्त्रक्रियेवाचून होऊ लागले.

आजही कालनिर्णयाच्या पानावर, दुधाच्या हिशेबाशेजारी, पेन्सिलीने बारीक फुली मारणाऱ्या भगिनी घरोघरी आहेत. त्यांनी ती पाने जपून ठेवावीत आणि डॉक्टरांपुढे ठेवावीत. वर्षभर वाट पाहण्याचा सल्ला नियमित पाळी असणाऱ्या तरुण स्त्रीसाठी आहे. पाळी अनियमित असेल तर आधीच जावे, आणि पतीनेही सोबत जाऊन आपली तपासणी त्याच वेळी करून घ्यावी.