जामखेडच्या बायका आणि आपली आशाताई

गेल्या महिन्यात गावी होतो. रात्री दहाला शेजारच्या बाळाला ताप चढला, श्वास जोरजोरात चालायला लागला. उपकेंद्राला कुलूप. मग हाक गेली आशाताईला. ती बॅटरी घेऊन आली, बाळाचे श्वास मोजले, गाडी बोलावली आणि सोबत दवाखान्यातही गेली. बाळ बरं आहे. सकाळी परतल्यावर ती मला एवढंच म्हणाली, "दादा, तीन महिन्यांचा मोबदला अडकलाय बघा."

तेव्हापासून जामखेड डोक्यातून जात नाही.

1970 साली डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे नगर जिल्ह्यातल्या या दुष्काळी तालुक्यात कामाला आले. तेव्हा तिथल्या खेड्यांत हजारातली 176 बाळं पहिल्या वाढदिवसाआधीच दगावत. कशानं? जुलाब, न्यूमोनिया, धनुर्वात, उपासमार. म्हणजे ज्याला मोठं ऑपरेशन लागत नाही, अशानं.

डॉक्टर गावात राहायला तयार नव्हते. बाहेरून पाठवलेल्या नर्सबाईला गाव आपलं मानेना. मग आरोळ्यांनी गावातल्याच बायका घेतल्या. बहुतेक निरक्षर, कित्येक दलित. अंगठा उठवणाऱ्या बाईला वैद्यकी शिकवायची, हे ऐकून लोक हसले असतील. पण त्या दर आठवड्याला जामखेडला यायच्या, सगळ्या जातींच्या बायका एकत्र जेवायच्या, एकत्र झोपायच्या, शिकून परत जायच्या. बाळाचं वजन करणं, जुलाबाला मीठ-साखरेचं पाणी देणं, सुरक्षित बाळंतपण करणं हे सगळं त्या करू लागल्या. पाण्यासाठी बोअर घेताना तो दलित वस्तीत घेतला जाई. पाणी हवं तर सगळ्यांनी तिथं यायचं! काही वर्षांतच बालमृत्यू निम्म्याहून खाली आले. 1979 साली आरोळे दांपत्याला मॅगसेसे पुरस्कार मिळाला.

सरकारनंही 1977 मध्ये गावोगावी आरोग्यसेवक नेमले होते. मानधन महिना 50 रुपये. पण घेतले बहुतेक पुरुष, आणि निवडीत वशिला शिरला. आता बाळंतिणीच्या खोलीत पुरुष कसा जाणार? योजना हळूहळू विरून गेली. 2005 साली राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानात 'आशा' आली. साधारण हजार लोकवस्तीमागे एक, गावातलीच बाई. हा धडा आपण बरोबर घेतला.

पण अर्धाच घेतला. जामखेडची बाई एकटी नव्हती. तिच्या पाठीशी दवाखाना होता, दर आठवड्याचं शिक्षण होतं आणि 'ही आपली माणूस' म्हणणारी संस्था होती. आपण मात्र बाई तेवढी उचलली, पाठबळ तिथंच ठेवलं. आशाला पगार नाही, कामागणिक मोबदला. कोविडमध्ये दारोदार फिरलेल्या आपल्या राज्यातल्या आशांना 2021 मध्ये हक्कासाठी संपावर जावं लागलं. 2022 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं देशातल्या आशांचा गौरव केला, तेव्हा आपण टाळ्या वाजवल्या.

टाळ्यांनी चूल पेटत नाही, हो.

गावची बाई म्हणजे डॉक्टरऐवजी वापरायचा स्वस्त पर्याय नव्हे. ती दवाखान्याची पहिली पायरी आहे, आणि पायरीच्या वर घर असावं लागतं. पुढच्या ग्रामसभेत मी दोनच गोष्टी विचारणार आहे : उपकेंद्र रात्री उघडं कधी असणार, आणि ताईचा मोबदला वेळेवर का येत नाही?

तुमच्या गावातही विचारा. आणि काय उत्तर मिळालं ते इथं लिहा.