औरंगाबाद लेणी

औरंगाबाद लेणी : छत्रपती संभाजीनगर शहराच्या उत्तरेकडील डोंगरात, बेसाल्ट खडकात कोरलेली बौद्ध लेणी. गावातले लोक त्यांना बुद्ध लेणी म्हणतात. शहरातून खाम नदी ओलांडून बेगमपुऱ्यामार्गे बीबी-का-मकबऱ्यापाशी आले, की पुढे दोन-तीन किलोमीटरवर डोंगराचा पायथा लागतो. वेरूळला निघालेल्या पर्यटकांच्या गाड्या मात्र छावणीवरून थेट दौलताबादचा रस्ता धरतात. शहराला इतकी जवळ असूनही ही लेणी पुष्कळांची पाहायची राहून जातात, ही खेदाची गोष्ट आहे.

पहिली पाच लेणी पश्चिमेकडे असून सहा ते नऊ क्रमांकांची लेणी त्यांच्यापासून सुमारे एक किलोमीटर पूर्वेला आहेत. त्यापलीकडची काही साधी व अपुरी राहिलेली आहेत. सर्वांत जुने चौथे. हे चैत्यगृह असून त्याचा दर्शनी भाग ढासळला आहे, पण आतला स्तूप आणि लाकडी वाशांची नक्कल करून छताला कोरलेल्या दगडी फासळ्या अजून दिसतात. बाकीची महत्त्वाची लेणी साधारणपणे इ. स. पाचव्या ते सातव्या शतकांतली मानली जातात.

तिसऱ्या लेण्यात घाई करू नये. गाभाऱ्यात बुद्ध बसलेले आहेत आणि त्यांच्यासमोर दोन्ही बाजूंना स्त्री-पुरुष उपासक गुडघे टेकून बसले आहेत. आकार जवळजवळ माणसाएवढा. प्रत्येकाची केशरचना वेगळी, दागिने वेगळे. कुणाचे हात जोडलेले, कुणाच्या हाती माळ. दाराशी उभे राहून पाहिले तर अंधारात नुसता घोळका दिसतो. जाणता मार्गदर्शक बॅटरीचा झोत समोरून न टाकता बाजूने, तिरका धरतो. तेव्हा ओठांची कड आणि पापण्यांचा उतार उठून येतो. या लेण्याच्या तुळयांवर सुतसोम जातकाची कथा कोरलेली आहे. माहीतगार सोबत नसेल तर ती नक्षी समजून लोक पुढे जातात.

सातव्या लेण्यात अवलोकितेश्वराचा मोठा शिल्पपट आहे. आग, चोर, बेडी, बुडते जहाज, सिंह, साप, हत्ती आणि मृत्यू अशा आठ भयांत सापडलेली माणसे त्याचा धावा करीत आहेत. व्यापारी तांड्यांच्या वाटेवरच्या या विहारांत असे शिल्प असणे स्वाभाविकच. गाभाऱ्याच्या भिंतीवर सहा वादक स्त्रियांच्या मधोमध नृत्य करणारी स्त्री आहे. दख्खनच्या शिल्पकलेतल्या उत्तम कामांत तिची गणना व्हावी.

संरक्षण : लेणी भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या ताब्यात असून त्यांना 1958 चा प्राचीन स्मारकांविषयीचा कायदा लागू आहे. 2010 च्या दुरुस्तीनंतर संरक्षित क्षेत्राच्या हद्दीपासून 100 मीटरपर्यंत बांधकामास मनाई आहे आणि स्मारकाची नासधूस करणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद, एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकते. मात्र निसर्गाला कायदा लागू नाही. पावसाळ्यात खडकाच्या भेगांतून पाणी झिरपते आणि शिल्पांचे पापुद्रे सुटतात. माणसाचा उपद्रव वेगळा : सतत हात लागून दगड तेलकट, काळा पडतो, किल्लीने नावे कोरली जातात. हा रोग जुना आहे. अजिंठ्याच्या दहाव्या लेण्यात जॉन स्मिथ या इंग्रज अधिकाऱ्याने 1819 साली आपले नाव व तारीख खरडून ठेवली, ती आजही तिथे आहे. शिल्प समजावून सांगणारा माणूस बरोबर असला, की हात आपोआप आवरतात. म्हणून येथे पहारेकऱ्याइतकीच मार्गदर्शकाची गरज आहे.

मराठवाड्यातील बौद्ध समाजासाठी हे श्रद्धास्थान आहे. विजयादशमीला, धम्मचक्र प्रवर्तन दिनी, पायथ्याशी मोठी गर्दी लोटते. अलीकडे महाराष्ट्रभर धम्मलिपी शिकून लेण्यांच्या अभ्याससहली काढणारे तरुणांचे गट उभे राहिले आहेत. ते सोबतच्यांना शिलालेख वाचायला शिकवतात आणि परतताना लेण्यांतला कचराही उचलतात. सरकारी मार्गदर्शकांच्या जोडीला अशा सहलींना येथे नियमित स्थान मिळायला हवे.

भेटीसाठी पावसाळ्यानंतरचे महिने सोयीचे. चढण पायऱ्यांची आहे, पूर्वेकडच्या गटासाठी वेगळी वाट धरावी लागते आणि बॅटरी स्वतःची न्यावी. कातळावर आग्यामोहोळे असतात. तिथे धूर, अत्तर आणि गलका टाळावा.